लॉट दोनशे चौदा

जिन्यावरून उतरवताना मी त्याला छातीशी धरलं होतं,
चेहरा माझ्याकडे.
दोघांचीही पोटं सुटलेली,
त्यामुळे वळणावर जरा अडलो.
‘सांभाळून,’ खालून नेव्हिल ओरडला, ‘चौकटीला लागू देऊ नकोस.’
माणसाबद्दल तो काही बोलला नाही.

लिलावाच्या यादीत लिहिलंय: इंग्लिश शैली. चित्रकार अज्ञात.
सद्गृहस्थ, अज्ञात.
साधारण सतराशे नव्वद. डाव्या कानापाशी तडे.
चौकट सोनेरी मुलाम्याची, उत्तम स्थितीत.

कोट तपकिरी, मागचं आभाळही तपकिरी.
व्हार्निश इतकं पिकलंय
की सगळंच काकवीच्या बरणीतून बघितल्यासारखं.
गाल खाऊनपिऊन सुखी.
बटणं सात. सातवं ताणावर.
लोकर विकली असेल त्यानं, किंवा लोखंड,
किंवा दूरच्या बेटांवरचं काही
जे साखर होऊन चहात विरघळायचं
आणि ज्याबद्दल जेवताना कुणी विचारायचं नसायचं.
चेहऱ्यावरून कळत नाही.
पैसा मुरला की चेहरा अळीमिळी गुपचिळी.

एक हात वेस्टकोटात खुपसलेला, दुसरा पाठीमागे.
तेव्हा हातांचे पैसे वेगळे पडायचे, नेव्हिल सांगतो,
दोन गिनी जादा.
म्हणजे हा घासाघीस करणारा.
तेवढ्यापुरता तो मला आवडला.
माझ्या बापानं लग्नाच्या फोटोंतला
एकच विकत घेतला होता, सर्वांत छोटा.

मिसेस ट्रँटरच्या घरी तो बासष्ट वर्षं होता.
नवऱ्यानं आणला तो चौकटीसाठी,
तिच्यात आरसा बसवायचा होता.
काचेचं माप घेतलं, कागद खिशात ठेवला,
आणि त्याच हिवाळ्यात नवरा गेला.
मग जेवायला समोर हाच.
शेजारची बाई म्हणाली, भिंतीतून ऐकू यायचं:
कोळशाचा भाव, पाद्र्याचा खोकला,
‘असं टक लावून बघू नका, मासा संपलाय.’
पाहुणे आले की सांगायची,
‘हे होय? आमच्या यांच्याकडचे.’

चाळीस सेकंदांत गेला. एकशे दहा पाउंड.
घेणारा चेल्टनमचा, पातळ ओठांचा, घाईतला.
आरसा बसवणार आहे म्हणाला.
‘आतलं ठेवा तुम्हाला हवं तर.’

मागच्या खोलीत मी खिळे काढले,
हाताने ठोकलेले, बारा. एक वाकडा.
कापड सुटलं, आणि कडेनं,
जिथं चौकटीनं धूर आणि उजेड अडवला होता,
तिथं दोन बोटं रुंद पट्टी.
त्या पट्टीत कोट तपकिरी नव्हता,
पिकल्या आलुबुखारासारखा जांभळा होता.
आणि आभाळ निळं.
धुणं वाळत घालावं इतकं निळं.
खाली कोपऱ्यात कुणीतरी कुंचला पुसलेला,
त्याच्या शेजारी, तांबड्या रंगात,
अंगठ्याचा ठसा.
मी माझा अंगठा त्यावर ठेवून पाहिला.
त्याचा लहान होता. पोरगेला असावा.

रात्री गाडीच्या मागच्या सीटवर आडवा घालून त्याला घरी आणला.
लेम्स्टरचा पूल खडबडीत आहे, हळू चालवली.
ग्वेंडानं विचारलं, कोण हा?
म्हटलं, माहीत नाही.
तिनं ओल्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसलं,
पुसू नये असं मला सांगायचं होतं.
‘चौकटीशिवाय केवढासा दिसतो,’ ती म्हणाली,
मग चष्मा वर करून, वाकून,
त्याच्या पोटाजवळ नाक नेऊन:
‘हे बटण तुटणार बघ. आज ना उद्या.’